निळा हापसा

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय टिल्लू,

मंगळवार, १४ मार्च २०१७, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं. आधी तारीख, मग वेळ, मग काय घडलं ते. कॉन्व्हेंटात आम्हाला तक्रार अशीच लिहायला शिकवली होती, आणि त्यात एक जरी रडकं वाक्य आलं तर सिस्टर कागद फाडून हातात ठेवायच्या. तर घडलं ते असं. आठ चाळीसला तू टीव्हीवर आलास, माझ्या ताईच्या गल्लीतल्या हापशाशी उभा राहिलास, दोन हातांनी तो हापसलास आणि हसत हसत सांगितलंस की पाणी कुठलंही असो, खळखळून उकळा, आटवून निम्मं करा, त्यातलं सगळं वाईट निघून जातं. मग ताईच्या पातेल्यातलं पेलाभर पाणी पिऊनही दाखवलंस.

मी तेव्हा आमच्या पाणी तपासायच्या लॅबच्या कॅन्टीनमध्ये उभी होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिपायाने माझ्या नावावर सगळ्यांना बिस्किटं वाटली. मी तुझ्याकडे बघतच नव्हते. मी हापशाकडे बघत होते. तो निळा होता.

तुझ्या जन्माआधीपासून तो हापसा गल्लीत आहे, आणि तू बारा वर्षांचा असताना मीच तो लाल रंगवला होता. त्याच्या पाण्यात आर्सेनिक निघालं होतं. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम चालतं, तिथे एकशे ऐंशी होतं. या विषाला वास नाही, चव नाही, रंगही नाही, म्हणून रंग आम्ही हापशाला द्यायचो. लाल म्हणजे धुण्याभांड्यापुरतं, हिरवा म्हणजे प्यायला चालेल. हिरवा शाळेपाशी होता, कळशी घेऊन अकरा मिनिटं. गल्लीतल्या बायका मला शिव्या घालत तिकडे जायच्या, पण जायच्या. मग तुझे कॅमेरावाले आले. त्यांना लाल भडक दिसला, तुझ्या पांढऱ्या कोटाशेजारी निळा खुलेल म्हणाले, आणि शूटिंगच्या आदल्या दिवशी दोन हात मारून मोकळे झाले. हे मला ताईनेच कौतुकाने सांगितलं. लाल का आहे हे तुला ठाऊक होतं, टिल्लू. लहानपणी त्या ओल्या रंगाला बोट लावून तू माझा धपाटा खाल्ला होतास.

मी त्याच दुपारी तुला फोन केला होता. तू म्हणालास, "आई, पाणी उकळा एवढंच तर सांगितलं, त्यात एवढं काय?" काय ते आता लिहूनच देते. उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक जंतू नाही, ते मरत नाही, उडतही नाही. पाणी आटून निम्मं झालं की ते तेवढंच राहतं, म्हणजे प्रत्येक घोटात दुप्पट. हे दहावीच्या पोराला कळतं. तुला तुझ्या पदव्यांसकट कळलं नसेल असं मी मानत नाही. तुला घाई होती, आणि पुढे जाहिरात होती.

ताईलाही सांगितलं. ती म्हणाली, "तू बाटल्या तपासतेस, तो माणसं तपासतो." मग मी खात्याच्या साहेबांकडे अर्ज दिला, हापसा पुन्हा लाल करा म्हणून. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याच चिरंजीवांनी टीव्हीवर प्यायलंय, आता आम्ही कुणाच्या तोंडाला रंग फासू?" सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी अर्ज परत घेतला. ही माझी बाजू. लपवत नाही.

त्यानंतरची सात वर्षं मी ताईकडे दोन-दोन दिवस येत राहिले आणि माझी पाण्याची बाटली सोबत आणत राहिले. ती ओट्याशी माझ्यासमोर पातेलं आटवायची, मी माझ्या बाटलीचं बूच उघडायचे. दोघी एकाच टेबलावर जेवायचो. आपण शहाण्या आहोत आणि तिला एक दिवस कळेल, असं काहीतरी मला वाटत असावं. भात मात्र मी तिच्याच पाण्यात शिजलेला खायचे, म्हणजे शहाणपणही अर्धवटच.

मेअखेर निवृत्त झाले आणि सामान घेऊन तिच्याकडेच राहायला आले. शिवणयंत्रावर कापड घातलेलं दिसलं. मला वाटलं, गुडघे. मग एकदा माझ्या साडीला फॉल लावायला बसली, तर रेशीम तिच्या तळहाताला अडकून ओढलं गेलं, एक धागा निघाला. तिने हात पदराखाली घेतला. मी हिसकावूनच बघितला. तळहातभर कणीएवढ्या कडक गाठी, पावलांनाही तशाच, आणि पाठीवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके. दीड वर्ष लोकांची रेशमी कापडं ती परत पाठवत होती, डोळे गेले असं सांगून. तुला चाळीस पावलांवरून ओळखते ती, डोळे गेले म्हणे. तुझा मेडिकलचा पहिला कोट याच हातांनी शिवला. मी बाटल्या घेऊन गावोगाव हिंडत होते तेव्हा तुला न्हाऊमाखू घालणारेही हेच हात. तू तिला मोठी आई म्हणतोस ते उगाच नाही.

मी हापशाचं आणि पातेल्यातलं पाणी जुन्या लॅबमध्ये दिलं, तिची नखंही दिली. हापशात एकशे पंच्याऐंशी, पातेल्यात तीनशे साठ. नखांचा आकडा लिहीत नाही, कागद सोबत जोडला आहे. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी टाचेवरची एक जखम पाहिली. ती भरत नाही. तुकडा काढून तपासायचा आहे, सोमवार, १८ नोव्हेंबर. त्या कशाला घाबरल्यात ते तुला सांगायला नको. आणि आधी हे पाणी बंद, असं त्यांनी बजावलंय.

ताईने पाणी बंद केलेलं नाही. सोमवारी येणारही नाही म्हणते. मी पंधरा दिवस तिच्याशी भांडले, अडाणी म्हणाले, हट्टी म्हणाले, टीव्हीची भगतीण म्हणाले. परवा तिने शांतपणे सगळे कागद माझ्यासमोर ठेवले. ते तिने पहिल्याच दिवशी वाचले होते. म्हणाली, "मला कळत नाही असं वाटतं का तुला? मी हापसा सोडला तर गल्ली विचारणार, का सोडला. डॉक्टरीणबाई विचारणार, हे पाणी प्यायला कुणी सांगितलं. मी काय, त्याचं नाव घेऊ?" आणि उठून पातेलं गॅसवर ठेवलं.

म्हणून हे पत्र. ती तुझ्यावर विश्वास ठेवून पीत नाही, टिल्लू, तुला झाकण्यासाठी पिते. गल्लीतली बाकीची एकतीस घरं मात्र खरोखर विश्वासाने पितात. माझं कुणी ऐकणार नाही, तो हक्क मी अर्ज परत घेतला तेव्हाच घालवला. तू तुझ्याच कार्यक्रमात, तुझ्याच तोंडाने, मी चुकीचं सांगितलं, हे पाणी पिऊ नका, एवढं म्हणालास की तिला झाकण्यासारखं काही उरणार नाही. ते कोणत्या दिवशी आणि किती वाजता म्हणणार, हे मला लेखी हवं. फोन करू नकोस, फोनवर तू फार गोड बोलतोस. शुक्रवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या सहीचं उत्तर ताईच्या हातात पडलं पाहिजे. माझ्या नाही, तिच्या.

चुकलेली, तरीही तुझीच,
आई