परक्या गळ्याची गाणी

४ नोव्हेंबर, मावला
पोचले. आदिलाबाद स्टेशनवर व्यंकटराव स्वतः आले होते, गळ्यात मफलर आणि हातात माझ्या नावाची पाटी. जणू त्या फलाटावर निवेदिकांची झुंबड उडणार होती! पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या वरच्या मजल्यावर इंटरनेट रेडिओ काढलाय. नाव 'रेडिओ कापूस'. हसू दाबताना मला ठसका लागला. रोज दुपारी चारला तासभर जुनी इंग्रजी रॉकची गाणी आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीतिकांमधली गाणी. तीही मूळची नाहीत, हौशी लोकांनी पुन्हा गाऊन पाठवलेली. कव्हर म्हणतात त्याला, मी उष्टं म्हणते. पुण्यातलं आमचं रेडिओ स्टेशन बंद पडलं नसतं तर इकडे फिरकलेही नसते. पण खोली हवेशीर आहे, स्टुडिओला लागूनच. खिडकीतून कापसाच्या गाड्या दिसतात, ऊन कोवळं आहे, चहा तर फारच छान. दिवस मजेत जातील.

७ नोव्हेंबर
स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. यंत्रं हर्षदीप बघतो. इंद्रवेल्लीचा आहे, वडील शिक्षक. अमेरिकेतूनही लोक आपल्याला 'ऐकून राह्यले', असं अभिमानाने सांगत होता. गायक मंडळी एकेक नमुना. एक दंतवैद्य रॉक गातो, ऐकताना वाटतं दाढ त्याचीच उपटली जातेय. तहसीलमधले एक कारकून प्रेमगीत असं म्हणतात की जप्तीची नोटीस वाचतायत. मी गंभीर चेहऱ्याने सगळ्यांची ओळख करून देते. कौतुक असं करायचं की ज्याचं केलं तो खूश आणि बाकीचे हसून लोळतील. ही कला मला येते.

१२ नोव्हेंबर
आज प्रतिभा नावाच्या बाईंचं गाणं लावलं. इंद्रवेल्लीकडच्या शाळेत शिकवतात. गाणं न्यूयॉर्कचं, उच्चार आठवडी बाजारातले. शेवटचा सूर इतका थरथरला की मला राहवलं नाही. माइक चालू होता, मी तीच ओळ तस्साच थरथरता आवाज काढून म्हटली. श्रोत्यांच्या हसण्याचे मेसेज धडाधड आले.
चहाच्या वेळी व्यंकटराव एवढंच म्हणाले, की ही मुलगी पहिल्या दिवसापासून आपल्यासाठी गाते. टीकेशिवाय कला वाढत नाही, असं मी त्यांना सांगितलं. हर्षदीप चहाला थांबला नाही.

१४ नोव्हेंबर
प्रतिभाबाईंची नवी फाइल आली. गाण्याआधी निवेदन आहे, आणि ते माझं आहे. परवा मी त्यांची जी ओळख करून दिली ती शब्दन् शब्द, माझ्या आवाजात, मध्ये माझं ते नाकातलं हसूसुद्धा. बाई जिद्दीची निघाली! मी ते कौतुकाने लावलं. दोघींतली खरी कोण, असं श्रोते विचारत होते. काहींनी तिला माझ्याहून बरी ठरवलं. गावंढळ कान, दुसरं काय.

१९ नोव्हेंबर
घसा बसलाय. आदिलाबादच्या डॉक्टरांनी आत बघितलं, सगळं स्वच्छ आहे म्हणाले. फाइली रोज येतायत. आता ती गाणीही माझ्याच आवाजात गाते. मी कधी गातच नाही, तरी तो आवाज माझा आहे, हे मला ऐकताक्षणी कळतं. आजच्या फाइलीत गाण्याच्या शेवटी ती जे बोलली ते मी काल आईशी फोनवर बोलले होते. खोलीचं दार बंद होतं.

२३ नोव्हेंबर
हर्षदीपच्या गाडीवर बसून इंद्रवेल्लीला गेले. त्या बाईला समोरासमोर झापायचं होतं, घोगऱ्या आवाजात का होईना. प्रतिभा दारात ज्वारी निवडत बसली होती. माझ्याहून लहान आहे. तिने मान वर केली, बोलली नाही. बोलली ती तिची आई, जयवंताबाई.
"तुमी रेडिओत तिचा आवाज काढला ना, तवापासून पोरगी बोलत नाही. गळ्यातून काईच निघत नाही."
मग ही रोजची गाणी कोण पाठवतं, असं मी विचारलं. प्रतिभाने तिचा फोन माझ्या हातात दिला. बारा तारखेनंतर तिने काहीही पाठवलेलं नाही.
"आमाले वाटलं तुमीच गाऊन राह्यल्या," जयवंताबाई म्हणाल्या.
प्रतिभाच्या डोळ्यांत राग नव्हता. ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

२४ नोव्हेंबर
हर्षदीपने सगळ्या फाइली पुसल्या. चारला यंत्रं बंद ठेवली, वायर काढून. कार्यक्रम तरीही झाला. खाली व्यंकटरावांच्या फोनवर पूर्ण तास चालला. माझ्या तोंडून आज एकही शब्द फुटला नाही.

२६ नोव्हेंबर
व्यंकटराव खोलीत येऊन माझी पाठ थोपटून गेले. श्रोते वाढलेत म्हणे, आवाज आता खुललाय म्हणे. मी पांघरुणात पडून होते. हातवारे केले तर हसले. घसा जपतेय असं वाटलं त्यांना.
आज कार्यक्रमात तिने, त्या आवाजाने, माझी ओळख करून दिली. "आजची हौशी गायिका जान्हवी. गळा नाही, पण तोरा बघा." मग माझं रडणं लावलं. सकाळी मी नळ सोडून रडले होते, तेच. लोक हसले. मी असते तर मीही —

२७ नोव्हेंबर
आईला फोन लावला. नुसता श्वास. ती म्हणाली, आत्ताच तर बोललो ना आपण, पुन्हा काय? मी इकडेच राहणार असं म्हणाले म्हणे. आता पुण्याला यायचं नाही. आई फोन ठेवू —

ती मी नव्हते, असा मेसेज लिहिला. आईने उत्तर दिलं, काय हे, आवाजात इतकी खूश होतीस की.

२८ नोव्हेंबर
दुपार. हर्षदीप दारावर थापा मारत होता. मी उठायच्या आत खोलीतूनच उत्तर गेलं. माझ्या मागून. "मी बरी आहे रे, तू जा." तो म्हणाला, बरं मॅडम. जिन्यावर त्याची पावलं —

खोलीत कोणी नाही. फक्त आवाज.
ती हे वाचतेय. मोठ्याने. मी लिहिलं की वाचते. नाकात हसते मध्येच, माझ्या प्रत्येक —

आता आधी वाचते. मी लिहायच्या आधी. ती म्हणते तेच हाताने —

थांबवता येत नाही. ती म्हणतेय, नमस्कार मंडळी, मी जान्ह