माझ्याच दारावरून जाताना

जहाजावरून,
बर्गन मागे पडल्यावर

प्रिय बोरघिल्डताईस,

धाकट्या गुनवोरचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? ओड्वार भाऊजींचा खोकला थांबला असेल, नसेल तर त्यांचा पाइप लपवून ठेव. मी प्रकृतीने ठणठणीत आहे. जहाजावरचं जेवण इतकं आहे की माणूस आजारी पडायला वेळच मिळत नाही. मन मात्र ठिकाणावर नाही.

डॉक्टरांनी समुद्राची हवा खायला सांगितलंय, असं मी तुला फोनवर म्हणाले ते खोटं होतं. (समुद्राकाठच्या बर्गनमध्ये राहणाऱ्या बाईला कोणता डॉक्टर हे सांगेल? तू विश्वास ठेवलास याचंच नवल.) खरं कारण म्हणजे शेजारची अस्लाउग. घर विकून ती पुढच्या शुक्रवारी लेकीकडे, तुमच्या ट्रॉनहाइमला, कायमची जातेय. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा पहिली कॉफी तिनेच पाजली, आणि तेव्हापासून आमचं भांडण आणि कॉफी दोन्ही रोजचं. आमच्या गल्लीचं वसंतातलं श्रमदान शनिवारी होतं. झाडलोट, रंगरंगोटी, वॉफल, आणि शेवटी अस्लाउगसाठी प्रत्येकाने चार शब्द बोलायचे असं ठरलं. ताई, मला ते चार शब्द जमणार नव्हते. तोंड उघडलं की आधी रडू आलं असतं. म्हणून मी नेमक्या त्याच आठवड्याचं जहाजाचं तिकीट काढलं. श्रमदान चुकवणाऱ्याला आमच्या गल्लीत काय म्हणतात ते लिहीत नाही, पत्र भाऊजीही वाचतात.

मी दक्षिणेला जाऊन क्रिस्तियानसानहून जहाजात चढले. त्याच्या थांब्यांत बर्गन नव्हतंच, ते मी दोनदा विचारून घेतलं होतं. पण वारा फिरला आणि शनिवारी सकाळी कप्तानाने आनंदाने जाहीर केलं की ठरलेल्या बंदराऐवजी आपण रम्य बर्गनला थांबतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या खोलीत लुट्झबाई म्हणून एक जर्मन बाई आहेत, त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, ‘‘चला, चला, मी एकटी हरवेन.’’ त्यांना मी ओस्लोची असल्याचं सांगितलेलं. (हे वाचून झालं की खोडून टाक. ओस्लोवाल्यांवर खार खाणाऱ्या आईला कळलं असतं तर तिने घरात घेतलं नसतं.) आता ओस्लोच्या बाईला बर्गन बघायचं नाही म्हणायला तोंड कुठे होतं? आणि खरं सांगू, माझे पायही ऐकेनात.

निवांत पायी फेरी, असं जहाजवाल्यांच्या त्या सहलीचं नाव. पिवळ्या छत्रीवाली गाइड मारित पुढे, आम्ही छातीवर जहाजाच्या नावाच्या चिकटपट्ट्या लावलेली मंडळी मागे. पाऊस होता म्हणून वाचले. रेनकोटचं टोपडं नाकापर्यंत ओढलं आणि ज्या बाजारात मी मासेवाल्याशी रोज हुज्जत घालते, तिथून मान खाली घालून गेले. ‘‘तुमच्या ओस्लोत असा पडतो का हो?’’ लुट्झबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘ओस्लोत काहीच धड पडत नाही.’’ आणि मग ती मेली पिवळी छत्री आमच्याच गल्लीत वळली.

सगळी गल्ली झाडू घेऊन उभी. अस्लाउग तर स्वतःचं आवरायचं सोडून माझ्या फाटकाला रंग देत बसलेली, भर पावसात. (पावसात रंग टिकत नाही हे तिला कळत नाही असं नाही. पण तिला वाट बघणं कधी जमलंय?) मारितने विचारलं, ‘‘मावशी, हे घर तुमचं का?’’

‘‘छे, मैत्रिणीचं. ती गेलीय फिरायला.’’

‘‘आणि काम तुमच्या गळ्यात?’’

‘‘असू दे गं. ती असती तर रडली असती, आणि रडली की दोन दिवस माझ्याशी भांडते. तेवढा वेळ नाही आता माझ्याकडे.’’

मारितने ते जर्मनमध्ये सांगितलं, सगळे हसले. मीही हसले, परक्या बाईसारखी, सगळ्यांच्या मागून. मग अस्लाउगने हात पुसले आणि पाहुण्यांना वॉफल वाटले. माझ्याही हातावर एक ठेवला. टोपडं मागे टाकायचं आणि अस्लाउग म्हणायचं, एवढंच काम होतं. एवढं कधी कुणाला अवघड गेलं नसेल. छत्री हलली, लुट्झबाईंनी दंड ओढला, आणि मी माझ्याच दारावरून निघून गेले. फार चुकलं गं माझं.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी
गुनवोर

ता. क. तुझा निळा स्वेटर माझ्याकडे आहे. हरवला म्हणून लाँड्रीवाल्याला दोष देणं थांबव.

ता. क. २. हे पत्र खरं तर याच्यासाठी. शुक्रवारी अस्लाउगला स्टेशनवर गाठ, घरी ने आणि काहीही करून शनिवारपर्यंत सोडू नकोस. मी जहाज सोडून तिकडे येतेय. मी येतेय हे सांगू नकोस, मी बर्गनला उतरले होते हे तर मुळीच नको.

ता. क. ३. ते लपवून उपयोग नाही म्हणा. लुट्झबाई आत्ता विचारत होत्या, सगळ्यांच्या वॉफलवर स्ट्रॉबेरीचा मुरंबा होता, मग तुमच्या एकटीच्या वॉफलवर ते तपकिरी चीज कसं? मी तो गल्लीच्या टोकाशी, मान वर न करता खाल्ला होता, दुहेरी घडी घातलेला, मला लागतो आणि अस्लाउग मला नेहमी देते तसा. आणि हातात घेताना मी तिला इंग्रजीत थँक यू म्हणाले होते.