चौथी आग

तांबुरोंग,
३० डिसेंबर २००९

ति. मानोंग यांस,
धाकटी बहीण लिब्राडाचा सा. न. वि. वि.

तुम्ही दावावहून पाठवलेली पपनसं पोचली. दोन वाटेत दबली होती, ती आम्ही आधी संपवली. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी मानसकन्या नेनिंग. ती बाजारातला शिवणकामाचा गाळा बंद करून येते आणि माझ्याकडेच जेवते. ह्यांच्या माघारी ते मशीन ती चालवते आहे म्हणून बरं, नाहीतर गंजून गेलं असतं.

परवा माझ्या ब्लॉगला वर्ष पूर्ण झालं. तुमच्या लेकीनं, सेल्मानं दिलेला जुना संगणक अजून चालतो, तिला सांगा. शाळेतून निवृत्त झाल्यावर वेळ खायला उठायचा, म्हणून 'आजच्या दिवशी तांबुरोंग' सुरू केलं. गावात त्या तारखेला पूर्वी काय घडलं ते लिहायचं, बस्स. चर्चची घंटा निखळून पाद्रीबाबांच्या डुकरावर पडली तो दिवस. बर्फाचं यंत्र आलं आणि अर्धं गाव घसा धरून बसलं तो दिवस. सगळ्यात जास्त लोकांनी काय वाचलं असेल? जत्रेत तेल लावलेल्या बांबूवरून तुम्ही घसरलात आणि खाली बसलेल्या मेयरबाईंच्या मांडीवर आलात, ते. रागावू नका, तारीख खरी होती.

आता जरा गंभीर. वर्षभराचं लिखाण काल एका बैठकीत वाचलं. रोजचं रोज लिहिताना माणसाला पुढचं-मागचं दिसत नाही. बाजाराला तीनदा आग लागली: १९३५, १९६० आणि १९८५. तिन्ही वेळा फेब्रुवारीत, कांदेलारिया मातेच्या जत्रेनंतरच्या आठवड्यात. जत्रेच्या मेणबत्त्या नि फटाके, दुसरं काय, असं मी तेव्हा लिहून मोकळी झाले होते. पण मार्चमधल्या नोंदी वाचल्या आणि हात थांबला. गाळ्यांचे करार पंचवीस वर्षांचे असतात आणि मार्चमध्ये संपतात. दर वेळी करार संपायच्या तोंडावर आग, मग पत्र्याचं कुंपण, मग नवी इमारत आणि नवे गाळेवाले. जुन्यांतले थोडेच परत येतात, तेही वर्षभर अर्ज करून. ह्यांना कसा मिळाला होता ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वडिलांना, ताताईंना, तर मिळालाच नाही.

मानोंग, आताचे करार ह्या मार्चमध्ये संपतात. नगरपालिकेच्या भिंतीवर नव्या इमारतीचं चित्र लागलंय. त्यात सरकता जिना आहे. गावात दिवसातून दोनदा वीज जाते, तेव्हा जिन्यावरची माणसं काय करणार कोण जाणे.

जत्रेच्या आधी मी हे लिहिणार आहे. प्रकृतीला जपा. लोभ कमी करू नका.

तुमची
लिब्राडा


दावाव,
९ जानेवारी २०१०

चि. लिब्राडास, म्हणजे आमच्या इंदायला, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. फोन कर असं तू म्हणणार नाहीस हे बरं आहे. फोनवर मला फक्त घरघर ऐकू येते आणि सेल्मा शेजारी उभी राहून सगळं ओरडून सांगते. मग घरातलं गुपित गल्लीभर होतं.

आधी बांबूचं. मी घसरलो नव्हतो, मला खालून ओढलं होतं. दुरुस्ती छाप.

आता तुझ्या शोधाबद्दल. साठ सालच्या आगीत मी वीस वर्षांचा होतो, तू शाळेत होतीस. मी बादल्या भरायला धावलो तर नळ कोरडे. जत्रेच्या दिवशी त्याच नळांना पाणी होतं. ताताईंच्या गाळ्यातल्या चपला वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्याचा वास मला अजून येतो. नंतर ताताई नगरपालिकेत विचारायला गेले. सकाळी गेले, संध्याकाळी आले. आईनं काय झालं म्हणून विचारलं तर त्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. त्यानंतर त्या विषयावर मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्याच महिन्यात ताताई आणि मी कामासाठी इकडे मिंदानावला येणाऱ्या बोटीत बसलो. तू हे कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही.

तुला हे आत्ता सांगतोय ते लिहिण्यासाठी नव्हे. मेलेल्यांबद्दल लिही, ते रागावत नाहीत. घंटा, डुकरं, बर्फ ह्यांवर एक वर्ष गेलं, दुसरंही जाईल. मे महिन्यात निवडणूक आहे, ह्या दिवसांत आपल्याकडे माणसं कशी असतात ते तुला मी शिकवायला हवं का? सेल्मा म्हणते, आत्तीला म्हणावं सरळ इकडे या, खोली रिकामी आहे.

उलटटपाली 'नाही लिहीत' एवढं कळव.

तुझा
मानोंग एर्मोहेनेस


तांबुरोंग,
२१ जानेवारी २०१०

ति. मानोंग यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येण्याआधीच मी लिहून टाकलं होतं. खोटं कशाला बोलू, आधी आलं असतं तरी लिहिलं असतं.

कुणाचं नाव घेतलं नाही. तीन आगींच्या तारखा, तीन करारांच्या तारखा आणि शेवटी एकच वाक्य: यंदा जत्रेनंतर बाजारानं सावध असावं. नेनिंगनं छापून काढून मासळीवाल्या बायकांना वाचून दाखवलं. त्या दिवसापासून बाजार संध्याकाळी रिकामा होतो. तांदळाच्या गोण्या, कापडाचे तागे, सुकी मासळी, सगळं सायकलरिक्षातून घरी जातं नि सकाळी परत येतं. माझ्या स्वयंपाकघरात सध्या शिवणयंत्र आहे. चहा उकळताना गुडघा त्याला आपटतो.

लोक रस्त्यात थांबवून हात हातात घेतात. काही रस्ता ओलांडून पलीकडे जातात. ज्यांना मी पाढे शिकवले त्यांनीसुद्धा.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. ब्लॉगवर एक जण कमेंट करतो, 'जुना विद्यार्थी' एवढंच नाव. वर्षभर करतोय. मॅम, छान. मॅम, माहिती नव्हती. मला बरं वाटायचं. ह्या लेखाखाली त्यानं लिहिलंय: "मॅम, तुम्ही नेहमी सांगायचात, उत्तर माहीत असलं तरी आपली पाळी येईपर्यंत गप्प बसावं." मी असं सांगत असे, हे खरं आहे. गेले चार दिवस मी चाळीस वर्षांतले चेहरे आठवते आहे. मेयर माझा विद्यार्थी, पोलीस ठाण्यातला रोमुलो माझा विद्यार्थी, कुंपण घालणारा ठेकेदारही माझाच. कुणाचाही चेहरा त्या वाक्याला बसतो, हेच वाईट आहे.

नगरपालिकेतली आपली चुलत बहीण कोन्सोर्सिया येऊन गेली. तुम्हालाही लिहीन म्हणत होती. मध सांडल्यासारखी गोड बोलली.

काळजी करू नका हे लिहिण्यात अर्थ नाही, तरी लिहिते. सेल्माला पापे.

तुमची
लिब्राडा


नगरपालिका कार्यालय, तांबुरोंग,
२५ जानेवारी २०१०

ति. मानोंग एर्मोहेनेस यांस,
चुलत बहीण कोन्सोर्सियाचा सा. न. वि. वि.

किती वर्षांनी लिहिते आहे! आपल्या घराण्यात तुम्हीच वडील, म्हणून तुमच्यापाशीच मन मोकळं करायचं.

लिब्राडाचं लिखाण इथे सर्वांना फार आवडतं. मेयरसाहेब स्वतः वाचतात. गावाच्या स्थापनेचा मोठा उत्सव येतोय, त्यासाठी गावाचा इतिहास तिनंच लिहावा अशी त्यांची इच्छा आहे. टेबल, खुर्ची, पंखा, सगळं देतील. फक्त बाजाराबद्दलचा तो एक लेख तेवढा काढून टाकावा. लोक उगाच घाबरलेत, धंदा बसलाय. ती माझं ऐकत नाही, लहानपणापासूनच ऐकत नाही. तुमचं ऐकेल.

मी हे केवळ मायेपोटी लिहिते. ती बिचारी एकटी राहते. घराला अजून नीपाच्या झावळ्यांचंच छप्पर आहे. यंदा पाऊस लवकर गेला, सगळं वाळून खडखडीत झालंय. मला रात्री तिची फार आठवण येते.

आपला लोभ आम्हा गरिबांवर आहेच, तो ढळू देऊ नये.

तुमची
कोन्सोर्सिया


तांबुरोंग,
२३ फेब्रुवारी २०१०

ति. मानोंग यांस सा. न. वि. वि.

कोन्सोर्सियाचं पत्र तुम्ही पुढे पाठवलंत ते मिळालं. छपरावरचं वाक्य मी नेनिंगला वाचून दाखवलं नाही.

सगळं क्रमानं सांगते. जत्रा झाली. त्यानंतरचा आठवडाभर बाजारातल्या बायका गाळ्यांच्या मधल्या वाटेवर चटया टाकून जपमाळ म्हणत बसायच्या. पाळ्या लावल्या होत्या. मीही बसायचे. पाण्याची पिंपं भरून ठेवली होती. काही झालं नाही. आठवडा संपला तसे लोक हसायला लागले. सलूनवाला म्हणाला, की मॅमनी आता हवामानाचं सांगावं. मलाही हसू आलं, आणि खरं सांगते मानोंग, मला आपण चुकलो ह्याचा इतका आनंद झाला, की मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. पिंपं लोकांनी घरी नेली. माल मात्र सवयीनं घरी नेत राहिले.

गेल्या मंगळवारी आग लागली. भर दुपारी, लोक जेवायला गेले होते तेव्हा, दोन टोकांना एकदम. मी तिथे पोचले तोवर मधली वाट पेटली होती. नळाला पाणी नव्हतं. बंब आला, त्याच्यातही पाणी नव्हतं, तो नदीवर गेला आणि सगळं खाली बसल्यावर परत आला. जीव कुणाचा गेला नाही. दुपारचं कुणी नव्हतंच. माल पुष्कळसा वाचला, कारण निम्मे लोक त्या दिवशी तो घरून आणायलाच कंटाळले होते. नेनिंग माझा हात धरून उभी होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती. मला वाटलं गाळे मोजतेय. ती प्रार्थना म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी ठाण्यावर बोलावलं. मी आत गेले तर रोमुलो सवयीनं उठून उभा राहिला, मग भानावर येऊन बसला. टेबलावर माझा लेख छापून ठेवलेला, वाक्यांखाली लाल रेघा. आगीची चौकशी आहे म्हणाला. मग खाली बघत त्यानं विचारलं, "मॅम, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

मी म्हटलं, "कारण आधी तीनदा झालं होतं. तेव्हा तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही."

त्यानं हे लिहून घेतलं नाही. त्यानं लिहिलं ते असं: लोकांच्या मनात भीती भरवली, रिकाम्या बाजारात माणसं जमवली, पाण्याची पिंपं आणि मेणबत्त्या आणवल्या. मेणबत्त्या, मानोंग! जपमाळेच्या. त्याचा दुसराही कागद तयार होता. माझा लेख कल्पनेनं लिहिला असून तारखा खात्रीच्या नाहीत, असं मी कबूल करते. त्यावर सही केली तर पहिला कागद फायलीतच राहील, असं तो फार हळू आवाजात म्हणाला. त्याला लाज वाटत होती. लाज वाटत असूनही पेन पुढे करत होता.

मी सही केली नाही. शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. ताताई त्या दिवशी हात धुऊन जेवायला बसले, ते का, हे मला आता कळतंय. मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही.

तुम्ही येऊ नका. तुमचा पाय दुखतो.

तुमची
लिब्राडा


तांबुरोंग,
१२ मार्च २०१०

चि. सेल्मा हिस आशीर्वाद.

बोटीत त्रास झाला नाही. तुझी आत्ती धक्क्यावर घ्यायला आली आणि न सांगता आलो म्हणून सगळ्यांसमोर रागावली. हातातली पिशवी मात्र तिनंच घेतली.

तिला अटक झालेली नाही. शुक्रवारी ठाण्यात ती गेली तेव्हा मासळीवाल्या बायका मागोमाग गेल्या आणि आवारात टोपल्या घेऊन बसल्या. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. दुपारपर्यंत मासळीचा वास अधिकाऱ्याच्या खोलीत गेला. त्यानं तिला घरी जाऊ दिलं. तपास चालू आहे म्हणतात. किती दिवस चालू राहील ते कुणी सांगत नाही. दोन्ही कागद त्याच्याकडेच आहेत.

बाजाराच्या जागेवर पत्र्याचं कुंपण लागलंय. आगीनंतर तिसऱ्याच दिवशी लागलं, पत्रे आधीच कापून आणले होते. गाळेवाल्यांनी कुंपणाला पाठ लावून रस्त्यावर टेबलं मांडलीत. नेनिंगचं मशीन तिथेच आहे, छत्रीखाली. मी तिच्याकडून पँटची खालची दुमड उसवून घेतली. पोलीस येऊन टेबलं हलवायला सांगतात, ते हलवतात, पोलीस गेले की पुन्हा मांडतात. हे किती महिने जमेल मला माहीत नाही. चित्रातला सरकता जिना आता कुंपणावर रंगवलाय.

कोन्सोर्सिया भेटायला आली होती. केक आणला होता. बसली नाही. जाताना मला मिठी मारली आणि कानाशी काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग म्हटलं तर मान हलवून निघून गेली.

आता ज्यासाठी लिहितोय ते. तुझ्या आत्तीनं चौथ्या आगीवर लेख लिहिला. तारीख, वेळ, कोरडे नळ, आधी कापलेले पत्रे, सगळं. ह्या वेळी मी शेजारी बसून शुद्धलेखन तपासलं. ताताईंचंही तिनं लिहिलं, आणि मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी खाली एकच कमेंट होती, त्या जुन्या विद्यार्थ्याची. "मॅम, सगळ्यांच्या तारखा तुमच्याकडे आहेत. तुमचा वाढदिवस कधी असतो?"

तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग म्हणाली, की मुलानं विचारलं तर उत्तर द्यावं. आणि तिनं खरी तारीख लिहून टाकली. मी हात धरेपर्यंत ती तारीख गेलीसुद्धा.

माझे उरलेले कपडे, गोळ्या आणि चष्मा येणाऱ्या बोटीनं पाठवून दे. माझी खोली भाड्यानं द्यायला हरकत नाही. मला इथे घराच्या पायऱ्यांपाशी खुर्ची मिळाली आहे, रस्ता दोन्ही बाजूंनी दिसतो. इंदायचा वाढदिवस जूनमध्ये असतो. तोवर तरी मी कुठे जात नाही.

मुलांना जवळ घे. माया आहेच, ती पत्रातून कळव.

तुझा
बाबा