कोड अक्कांच्या फोनवर

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

इन्स्टाचं खातं गेलं!

सकाळी पत्र्यावर खारोड्या वाळत घालून खाली उतरले, फोन बघितला तर आमच्या पानावर चटणीच्या बरण्याच नाहीत. सूटबूटातला कुणी माणूस, आणि खाली लिहिलेलं — आठ दिवसांत पैसे दुप्पट. पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. परत चुकीचा. दुपारी नाशिकच्या एका बाईंचा फोन — ताई, तुम्ही पाठवलेल्या क्यूआरवर पैसे टाकले, कारळ्याची चटणी अजून आली नाही. मी कसला क्यूआर पाठवला!

अक्का चुलीपुढं कारळं भाजत होत्या. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, सत्यशीला. चव सगळी त्यांच्या हातची, फोन-लॅपटॉपचं माझ्याकडं, म्हणून धंद्याचं नावच 'जावाजावा' ठेवलंय. त्यांना सांगितलं तर उलथनं हातात तसंच राहिलं. मग म्हणल्या, "नाव आपलं हाय. त्या बाईला आपल्याकडून चटणी पाठवून दे."

पाठवली.

१४ फेब्रुवारी

खातं परत मिळालं. मामेभाऊ अंगद संभाजीनगरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यानंच खटपट करून सोडवलं. मग मला झापलं. इन्स्टा, मेल, कुरिअर, बँक — सगळीकडं एकच पासवर्ड, तोही गावाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. घराला कुलूप लावून किल्ली दाराला टांगलीस, म्हणला.

आता पासवर्ड मॅनेजर घ्यायचं ठरलं. म्हणजे सगळ्या किल्ल्यांची एक पेटी. आतले पासवर्ड तीच बनवणार, लांबलचक, वेडेवाकडे. मी फक्त पेटीचा एक पासवर्ड लक्षात ठेवायचा. तो मी एक आख्खं वाक्य केलाय. इथंसुद्धा लिहिणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज पेटीला दुसरं कुलूप लावलं. टू-स्टेप म्हणतात.

अंगद फोनवरून सांगत होता. पासवर्ड कुणाला कळला तरी आत शिरता येऊ नये, म्हणून हे. एखाद्या फोनवर एक ॲप घ्यायचं, त्यात सहा आकडे दिसतात आणि दर अर्ध्या मिनिटाला बदलतात. पासवर्डनंतर ते टाकले तरच पेटी उघडते. त्यानं विचारलं, कुणाच्या फोनवर घेऊ?

मी माझा म्हणणार होते. अक्का शेजारी लसूण सोलत बसलेल्या. मान वर न करता म्हणल्या, "माझ्या फोनवर घे की." मी बघतच राहिले. मग म्हणल्या, "तू दिवसभर त्याच्यात काय काय करतीस, मला काही कळत न्हाई. एक किल्ली माझ्याकडं असू दे."

असू दे! अंगदही म्हणला, दोन किल्ल्या दोघींकडं, हे तर उलट चांगलंच.

लॅपटॉपवरचा चौकोन त्यांच्या फोननं टिपला. आकडे आले. अक्कांनी लसणाचे हात पदराला पुसले आणि शाळेत धडा वाचावा तसे एकेक वाचले. सहावा येईपर्यंत आकडे बदलले! दुसऱ्यांदा भराभर वाचले. पेटी उघडली. फोन कधी हरवलाच तर म्हणून एक रिकव्हरी कोडही मिळाला, तो छापून अक्कांनाच दिला. पॅकिंगच्या खोलीत सारखी ये-जा असते, म्हणून रोज संध्याकाळी पेटी आपोआप बंद होईल असं अंगदनं करून दिलं. म्हणजे रोज सकाळी कोड आलाच.

हे ओट्यावरून ऐकत होते. म्हणले, बँकवाले ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बोंबलतात, आणि तुमी दोघी अंगणात वरडून सांगताय! बाहेरच्याला नाही सांगायचा, म्हणलं. अक्का काय बाहेरच्या आहेत?

३० मार्च, पाडवा

रोज सकाळी चहाच्या आधी अक्कांचे सहा आकडे. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणतात, झाली ह्या दोघींची भूपाळी.

९ मे, शुक्रवार

आज घरात जे झालं ते लिहू नये वाटतंय. पण लिहिते.

विहीर एक, मोटर एक. परवा मोठ्या भाऊजींची पाळी असताना ह्यांनी उसाला पाणी सोडलं. त्यांची मोसंबी वाळायला लागली होती म्हणून भाऊजी चिडले. त्यातून वाटणीपर्यंत गेलं. सकाळी भावकीतले भगवानराव आले मध्ये बसायला. भाऊजी त्यांना म्हणले, बाप गेल्यावर ह्याला मी लहानाचा मोठा केला, शिकवला. ते खरंच आहे. ह्यांनी खाली बघूनच म्हणलं, "मग बिल कर त्याचं."

भाऊजी उठले, चपला घातल्या आणि गेले. भगवानरावांचा चहा तसाच.

अक्का आणि मी चुलीपाशी. दोघी भाकरी थापत राहिलो.

२४ मे

मोठ्या भाऊजींनी वडवणीला खताचं दुकान काढलंय. आज सगळं बिऱ्हाड तिकडं हललं. आत्याबाई आमच्याकडंच राहिल्या. टेम्पोत बसताना अक्कांनी मसाल्याचा डबा मांडीवर घेतला. म्हणल्या, मी तिकडून चटण्या करून एस.टी.नं पाठवीन, तू इथून पॅक कर. धंदा मोडायचा न्हाई.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. ह्यांनी कपाट उचलायला हात लावला तसा भाऊजींनी दुसऱ्या माणसाला हाक मारली.

२६ मे

सकाळी पासवर्ड टाकला, पुढं सहा चौकोन. अंगण रिकामं. मग फोन लावला.

"कोड ना? थांब," अक्का म्हणल्या, आणि वाचला. पेटी उघडली तरी आम्ही बोलतच राहिलो. दुकानामागं एकच खोली, नळाला एक दिवसाआड पाणी, शेजारीण चांगली.

१९ जून

हे आज म्हणले, तो कोड आपल्या फोनवर घे. "आपली किल्ली दुसऱ्याच्या घरात कावून?"

दुसऱ्याचं घर.

मी म्हणलं, बघते.

२० जून, शुक्रवार

बघितलं. सेटिंगमध्ये जाऊन त्यांचा फोन काढून माझा घालता येतो. पण त्याआधीसुद्धा एकदा त्यांचाच कोड लागतो!

फोन लावला. अक्कांनी विचारलंसुद्धा नाही की सकाळी दिला होता, आता परत कशाला. वाचला. मी पहिले तीन आकडे टाकले आणि थांबले. पलीकडून अक्का, "उघडलं का गं?"

मी म्हणलं, उघडलं. आणि ते पान बंद केलं.

जेवताना ह्यांना सांगितलं. "त्यांना न विचारता मी त्यांचा फोन काढणार नाही. काढायचा असेल तर तुम्ही विचारा." हे भाकरी मोडत राहिले. परत विषय नाही. आत्याबाईंनी मला न मागता अजून एक भाकरी वाढली.

१७ ऑगस्ट

दिवाळीच्या ऑर्डरी आत्तापासूनच. पुण्याच्या एका ऑफिसनं सगळ्यांना भेट द्यायला खोकी मागवलीत — दोन चटण्या, खारोड्या, शेंगदाण्याचे लाडू. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. अक्का फोनवर म्हणल्या, कारळं मी स्वतः निवडीन.

२८ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. सोयाबीन पाण्यात. विहीर काठोकाठ भरलीय. ज्या पाण्यावरून भांडले ते आता दोघांच्याही रानातून वाहतंय. हे बांधावर नुसते उभे होते.

७ ऑक्टोबर

अंग ठणकतंय. डोळ्यांच्या मागं दुखतंय. खोकी निम्मी भरलीत.

९ ऑक्टोबर, बीड, दवाखाना

डेंग्यू. प्लेटलेट कमी. उजव्या हाताला सलाईन, डाव्या हातानं लिहितेय. हे रात्रभर खुर्चीत बसून. उद्या कुरिअरची गाडी येणार — उरलेली खोकी आत्याबाई भरतायत, पण पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापल्याच नाहीत.

११ ऑक्टोबर

कालचं लिहायचं राहिलं. आज बसता येतंय.

काल सकाळी डोळे उघडले तर समोर अक्का! आत्याबाईंनी कळवलं, आणि त्या पहिल्या गाडीनं निघाल्या. यांना घरी पाठवलं — गाडी येईल, चिठ्ठ्या काढा, मी बसते हिच्यापाशी. आणि माझ्या कपाळावर हात ठेवून बसल्या.

अकरा वाजता यांचा फोन. लॅपटॉप उघडलाय, कुरिअरचा पासवर्ड पेटीत, पेटीचा पासवर्ड सांग. सांगितला! पहिल्यांदाच कुणाला सांगितला. पुढं म्हणले, कोड मागतंय.

अक्कांनी पिशवी चाचपली. फोन नाही. घाईत दुकानात चार्जिंगला राहिलेला.

म्हणजे लॅपटॉपपाशी हे, कोडपाशी मोठे भाऊजी, आणि आम्ही दोघी इथं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा फोन मागून अक्कांनी भाऊजींना लावला. ॲप कुठलं, कुठं दाबायचं, सगळं सांगितलं. भाऊजी आकडे वाचत, अक्का मला सांगत, मी यांना. तेवढ्यात आकडे बदलत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. हे म्हणले, गाडी दारात उभी राहिलीय.

अक्का थांबल्या. मला वाटलं परत वाचायला सांगतील. पण शांतपणे म्हणल्या, "आमच्यामधून न्हाई पोचायचं हे. तुमी सरळ अभिमन्यूला लावा." म्हणजे यांना.

पलीकडून फोन कट झाला.

आम्ही दोघी सलाईनकडं बघत बसलो. अक्का म्हणल्या, लावतील. थोड्या वेळानं परत म्हणल्या, लावतील ना गं? पुण्याची खोकी गेली तर गेली, परत करू. पण भाऊजींनी फोन लावला नाही, किंवा यांनी उचलला नाही, तर दोघं भाऊ कायमचे तुटले, हे आम्हाला कळून चुकणार होतं.

नर्स येऊन सलाईन बदलून गेली.

मग यांचा मेसेज. भरलेल्या गाडीचा फोटो. अक्कांनी फोटो मोठा करून बघितला, डोळे पुसले आणि मला मोसंबी सोलून दिली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

घरी. अशक्तपणा आहे, पण आपली खाट.

यांना विचारलं, काय झालं होतं? आधी म्हणले, काय व्हायचंय, कोड सांगितला. मग पेज ढवळत ढवळत हळूहळू बोलले.

फोन वाजला, दादांचं नाव दिसलं. मे महिन्यापासून पहिल्यांदा. उचलला. दोघंही हॅलो म्हणले नाहीत. दादांनी एकदम आकडेच वाचायला सुरुवात केली. चष्मा नव्हता, तीनचा आठ वाचला. हे म्हणले, चुकीचा. दादा म्हणले, "थांब, नवा येऊ दे."

नवा येईपर्यंत अर्धा मिनिट. ठेवता येईना, बोलता येईना. दोघं तसेच फोन धरून उभे.

मग दादा म्हणले, "जेवलास का बे?"

हे म्हणले, न्हाई.

"आधी खा काहीतरी. पोरगी बरी होईल." आणि मग आकडे.

एवढं सांगून हे उठले. पेजेचं भांडं घेऊन बाहेर गेले. बराच वेळ हौदापाशी भांडं घासल्याचा आवाज येत होता. एवढंसं भांडं!

२२ ऑक्टोबर, पाडवा

पुण्याहून फोन — खोकी सगळ्यांना आवडली. वडवणीहून डबा आला, अक्कांच्या हातचे अनारसे. कुणी आलं मात्र नाही. यांनी सकाळपासून दोनदा रस्त्याकडं बघितलं. आत्याबाईंनी चारदा.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी अक्कांकडून कोड घेतला, पेटी उघडली, पॅकिंगला बसले. तासाभरानं ओट्यावरून यांचा आवाज आला. फोनवर होते.

"दादा, जरा तो कोड सांग की. हां, थांबतो. नवा येऊ दे."

लॅपटॉप माझ्यासमोर उघडाच होता.