आमचुराचा लेप

३ नोव्हेंबर
देशात अन्याय पुष्कळ झाले, त्यांवर आयोगही बसले; पण सुरतेजवळच्या उधन्याच्या या खोलीत पंख्याचं बटण दाराच्या मागे आहे, याची दखल अजून कुणी घेतलेली नाही. वारा हवा असेल तर आधी दार लावा! बाकी खोली झकास. मराठी शाळा दहा मिनिटांवर, उद्यापासून मास्तर म्हणून हजर. शेजारच्या सुभद्राबाई खिचडी घेऊन आल्या आणि वहिनी कधी येणार म्हणून विचारलं. सुधाला जाऊन दोन वर्षं झाली, असं सांगितलं. त्यांनी आणखी एक डाव वाढला.

५ नोव्हेंबर
बटणाशेजारी कोळी. तळहाताएवढा, चपटा, करडा. चप्पल उचललीच होती.
सुधाला असलाच चावला होता. मानेवर केसांखाली काळा डाग, मग ताप. मी सहा दिवस आमचुराचा लेप लावला आणि घरातले अकरा कोळी ठेचले. ती एरवी त्यांना पेल्यात धरून बाहेर सोडायची. तापातही म्हणाली, मारू नका हो, एवढं ऐका माझं. ऐकलं नाही. सातव्या दिवशी दवाखाना, नवव्या दिवशी संपलं.
आज मारला नाही. मारेकऱ्याचं नाव तरी कळू दे. काचेचा पेला उपडा घालून टेबलावर ठेवला. त्याचे आणि खोलीतल्या आणखी दोन कोळ्यांचे फोटो भाचीला, शर्वरीला पाठवले. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.

६ नोव्हेंबर
शर्वरी लिहिते, मामा, ही मादी आहे. पोटाखालची पांढरी टिकली म्हणजे अंडी. झुरळं खाते, माणसाचं काही बिघडवत नाही. कोपऱ्यातला लांब तंगड्यांचा, भिंतीवरचा टुणटुण उड्या मारणारा, तेही गरीबच.
मी विचारलं, मग मानेवरचा काळा डाग?
 

७ नोव्हेंबर
सुभद्राबाईंची सून जयश्री चलथाणला ऊसतोडीला गेली होती, ती ताप घेऊन आली. सुभद्राबाई दारात. कोळी मुतना व्हई भाऊ, आमचूर शे का? कोळ्याच्या डागावर त्यांच्याकडेही आमचूरच.
पाहिलं. मानेवर. विडीचा चटका बसावा तसा. तोच.
शर्वरीचं उत्तर आलं. कोळी नव्हेच. गवतातला डोळ्यांना न दिसणारा किडा. त्याच्या तापावर साध्या गोळ्या असतात, वेळेवर दिल्या तर — मामींचा डाग तुम्ही आम्हाला दाखवलाच नव्हता, मामा.

८ नोव्हेंबर
जयश्रीला दवाखान्यात नेलं. सुभद्राबाई भांडल्या, मास्तर कधीपासून डाक्टर झाला! डॉक्टरला डाग दाखवला. गोळ्या सुरू.
आमचूर मोरीत ओतलं. वास जात नाही.

११ नोव्हेंबर
जयश्रीचा ताप उतरला. चहा मागितला म्हणे.
सुधाही मागायची. सहाव्या दिवसापर्यंत —
पेल्यातली टिकली हलते आहे.

१२ नोव्हेंबर
फुटली. शेकडो पिल्लं. काचेवर चढतात. मधे ती, माझ्याकडे तोंड करून. हलत नाही.
अकरा. त्यांनी काहीच —
मारेकरी पेल्याच्या बाहेर आहे.
दार उघडलं. पेला उचलला. बोटांवर — मनगट — मानेवर, केसांखाली, नेमके तिथेच —
मारत नाही, सुधा. सोडतोय. बघ, एकेक —