गाठ मारलेलं गवत

९ फेब्रुवारी
जाळरेषेचं काम सुरू. गावाचं माळरान संपून अभयारण्य लागतं तिथं गवताचा रुंद पट्टा मोकळा करायचा, म्हणजे खालून आग आली तरी जंगलात शिरत नाही. दरवर्षी ठेकेदाराची माणसं अर्धमुर्धं करून पळतात. यंदा वाडीतल्या बायकांना सांगितलं, पट्ट्यातलं गवत कापा, फुकट न्या, उरलेलं आपण मिळून जाळू. आमचे रेंजर साहेब म्हणाले, वनरक्षक आहेस का गवताची व्यापारी? मी म्हटलं, गोठ्यात गेलेलं गवत माझ्या जंगलात पेटत नाही. बरं, कर म्हणाले. हातकणंगल्याच्या सपाटीवरची पोरगी डोंगरात काय टिकणार म्हणत होते सगळे. आता बघा म्हणावं.

१४ फेब्रु.
पहाटे दव असताना खालचा पट्टा पेटवला, वरचा नंतर. वाडीतल्या रशीदभाईंनी फवारणीचा पंप आणि पाण्याची टाकी आपल्या टेंपोवर चढवून आणलेली. बायका कडेनं हिरवे डहाळे घेऊन उभ्या. झकास काम. फक्त ओढ्याच्या टोकाला एक तुकडा तसाच राहिला. तो हौसाक्काचा. टोळीची पुढारी तीच, सगळ्यांना हाकून आणणारी. इथली रीत अशी की ज्यानं उभ्या गवताच्या झुबक्याला गाठ मारली त्याचा तो तुकडा, दुसऱ्यानं विळा लावायचा नाही. तिची म्हस व्यायला झालेली, एवढं चांगलं गवत जाळायला जीव होईना. "चार दिवसांत कापते की, ताई." दिले चार दिवस.

१९ फेब्रु.
तुकडा उभाच. हौसाक्का वारणानगरला, लेक बाळंत झाली. बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही कापा आणि तिच्याच गोठ्यात टाका. एकही हलली नाही. गाठ सोडायची म्हणजे यांच्या लेखी चोरी. मी स्वतः कापला असता, पण मग दुसऱ्या दिवसापासून टोळी बंद. फोन केला तर म्हणाली, परवा येते. बरं, परवा. एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय.

२१ फेब्रु.
व्हायचं ते झालं. खाली एकानं भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपाच्या वाफ्यासाठी, पालापाचोळा भाजायला घेतला, तोही भर दुपारी, वारं सुटलेलं असताना. आग डोंगरावर आली. पट्ट्यापाशी येऊन विझली, सगळीकडं विझली, माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि त्या तुकड्यातनं आत घुसली. करवंदीच्या जाळ्या, बांबूचं बेट, धडाधडा. रशीदभाईंनी टेंपो जाईल तिथवर वर नेला. बायका डहाळ्यांनी झोडपत होत्या. हौसाक्का एसटीतनं उतरली ती तशीच, ठेवणीतल्या लुगड्यानिशी धुरात. हात पोळला तरी मागं सरंना. अंधार पडायच्या आत आवरली. आतला एक उतार गेला. लई राग आला. तिचा, माझा, त्या म्हशीचासुद्धा. पण पट्टा नसता तर आख्खा डोंगर गेला असता, हे कुणालाही छाती ठोकून सांगेन.

२२ फेब्रु.
साहेब बघून गेले. तरवा भाजणाऱ्यावर गुन्हा झालाच. आता म्हणतात, पट्ट्यात गवत कुणी राखलं त्याचंही नाव संध्याकाळपर्यंत दे. आणि पुढच्या वर्षी परत ठेकेदार.

दुपारी हौसाक्का आली, हाताला फडकं बांधून. माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझं नाव लिव. मी कुठं पळून जायाची न्हाय."

रडू आलं मला, तिच्यासमोरच. तिचं नाव दिलं तर वाडीतली एकही बाई परत डोंगरावर यायची नाही. वरचा पट्टा अजून पेटवायचाय, उन्हाळा सगळा पुढं.

संध्याकाळी फोन लावला. म्हटलं, मुदत मी दिलती, नाव माझं लिहा. साहेब भडकले. शहाणपणा करू नकोस, गेलाबाजार बदली तरी होईलच तुझी. मग ही बायकांची टोळी सांभाळणार कोण, दे की एक नाव.

मी म्हटलं, "टोळी सांभाळायला? हौसाक्का."

साहेबांनी फोन ठेवता ठेवता सांगितलं, उद्या ऑफिसला ये, एवढंच.

जाईन. पण आधी पहाटे वरचा पट्टा. बायकांना निरोप धाडलाय, कोण कोण येतंय बघू.