पंचवीस पेन्सिलींचे किती

मामाजी,

चुलीतली राख काढून झाली होती, गाईखालचं शेण उचललं होतं, अंगणात सडा टाकला होता, आणि मी परातीत ज्वारीचं पीठ घेऊन भाकरी थापायला बसले होते. बाहेर ओसरीवर पोरं येत होती. पाट्या एकमेकींवर आपटत होत्या, कोणी कोणाला ढकलत होतं, आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून म्हणत होता, "बसा रे पोट्टेहो, गणित काय उभ्यानं येते?" मग पावकी, मग निमकी, मग दिडकी. पाढे संपले की तुम्ही गणित घालता. ज्याचं आधी होईल तो उत्तर मोठ्यानं म्हणतो आणि पाटी स्वयंपाकघराच्या दारातून आत दाखवतो. दाराआड मी बसलेली असते. उत्तर बरोबर असेल तर हातातला चिमटा परातीच्या काठावर एकदा वाजवायचा, चूक असेल तर दोनदा. बाहेरून तुमचा आवाज येतो, "पास," नाही तर "पुसा." सकाळच्या भाकरी होईपर्यंत हे चालतं. आज इतक्या वर्षांनी भाकरी थापायला बसले की अजूनही हात मध्येच थांबतो.

सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. दुसऱ्या घरच्या सुना दाराआडून बांगड्या वाजवून हो-नाही कळवत. माझ्या हातात बांगड्या राहिल्या नव्हत्या. तुमचा मुलगा गेला त्या वर्षी भाऊबंद ओसरीवर बसून ठरवत होते की हिला हिच्या माहेरी अकोल्याला पोचवून द्यावी, लेकरू नाही, बाळ नाही, इथं काय करणार. मी आत सगळं ऐकत होते. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू. तुम्ही भाऊबंदांना म्हणालात, "ते कुठं जात नाही. मले तिचे डोळे लागतात." मग माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, हाक मारून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालात, "तिले म्हणा, उद्यापासून पोट्ट्यांच्या पाट्या पाहात जा. बोलता येत नसंल तर चिमटा वाजव." मला तेव्हा दुसरीपर्यंतचं येत होतं, तेही विसरलेलं. तुम्ही मुलाची पाटी पेटीतून काढून माझ्यासाठी आत पाठवली. त्या पाटीवर मी आकडे पुन्हा शिकले, मग किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचायला लागले, मग पोरांची पुस्तकं. पुढे जे काही वाचलं ते सगळं तिथून आलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची रीतच नव्हती, आणि पुढे तोंडही राहिलं नाही.

सातवीच्या स्कॉलरशिपची पोरं शाळा तुमच्याकडे पाठवायची. तुम्ही नोकरीवरून उतरलात तरी हे काम तुमच्याकडेच राहिलं, कारण दरवर्षी तुमच्या ओसरीवरची दोन-तीन पोरं ती परीक्षा काढायची आणि पुढचं शिक्षण त्यांना फुकट व्हायचं. परीक्षा अकोल्याला. साऱ्या जिल्ह्याला एकच छापील पेपर, आणि तपासणारे परके. पोराचा बाप कोण, गुरुजी कोण, हे त्यांना ठाऊक नसतं. खाली लिहिलेलं उत्तर तेवढं ते पाहतात. मी ज्या वर्षाचं लिहितेय त्याच्या आदल्या वर्षी पहिल्यांदाच असं झालं की आपलं एकही पोरगं निघालं नाही. तुम्ही म्हणालात, पोट्टे उनाड होते. असतीलही. पुढच्या वर्षीच्या पोरांत एक तेल्हाऱ्याची पोरगी होती, मामाकडे राहून शिकणारी. काळी, उंच, कायम नाक ओढणारी. तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं की स्कॉलरशिप मिळाली तर अमरावतीला बोर्डिंगात जाईल, नाही मिळाली तर चैतात लग्न. मुलगा पाहून ठेवलेला होता. ती हे असं सांगायची जशी काही दुसऱ्याच कोणाची गोष्ट आहे.

एक दिवस क्लास सुटल्यावर ती परसात माझ्याकडे आली. मी गोवऱ्या थापत होते. "काकू," ती म्हणाली, "एक पेन्सिल बारा नव्या पैशांची, तं पंचवीस पेन्सिलींचे किती?"

"गुरुजींनी सांगितलं ना आज. तीन रुपये बारा पैसे."

"पुस्तकात मांगं उत्तर देलं हाये. तीन रुपये. मंग काहून?"

नवे पैसे येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. शेर-मण जाऊन किलो येऊ लागले होते. बाजारात लोक दोन्ही बोलत, आणि दोन पैसे इकडे-तिकडे झाले तर कोणी भांडत नसे. तुमची रीत बाजाराचीच होती. बारा नवे पैसे म्हणजे दोन आणे. पंचवीस दुणे पन्नास आणे. पन्नास आण्यांचे तीन रुपये दोन आणे. त्या दोन आण्यांचे पुन्हा बारा पैसे. तुम्ही हे पापणी लवते न लवते तोच सांगायचा, म्हणून कोणाला शंका येत नसे. मी शेणाचे हात धुतले आणि त्या पोरीच्या पाटीवर सरळ बारा गुणिले पंचवीस केले. तीनशे आले. तीनशे पैसे म्हणजे तीन रुपये. यात माझी हुशारी काही नव्हती. मला आणे-पैचं पाठच नव्हतं, म्हणून मला सरळ गुणाकाराशिवाय दुसरा रस्ता माहीत नव्हता. त्या दिवशी सकाळी त्याच गणिताला मी एकदा चिमटा वाजवला होता. तुम्ही सांगितलेलं उत्तर तेच बरोबर, असं धरून मी वाजवत आले होते. आदल्या वर्षीच्या पोरांच्या पाट्याही मीच पास केल्या होत्या.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी तुम्हाला जेवताना वाढता वाढता म्हटलं, "सून म्हणते, नव्या पैशाच्या गणितात काही तरी फरक पडते म्हणते." तुम्ही हसलात. "रुपया तं तोच हाये ना? चौसष्ट तुकडे करा का शंभर करा, रुपया तेवढाच." आत्याबाई आत येऊन म्हणाल्या, "आयकलं ना? झालं तुह्यं समाधान?" माझं झालं नव्हतं. पण मी पुन्हा सांगितलं नाही. चांगलं वागवणाऱ्या माणसाला चूक दाखवायची म्हणजे उपकार विसरल्यासारखं वाटलं, असं मी तेव्हा मनाला समजावलं.

त्याऐवजी मी पोरांना शिकवलं. क्लास सुटला की पोरं पाणी प्यायच्या निमित्तानं परसात यायची आणि मी कडुनिंबाखाली त्यांच्याकडून नव्या पैशांची आणि किलोची गणितं पुस्तकाप्रमाणे करून घ्यायची. त्यांना सांगितलं, ओसरीवर गुरुजींचं उत्तर द्यायचं, पेपरात पुस्तकाचं. पोरं ती. त्यांना यात गंमत वाटली. एका पोरानं दोन्हींना नावं पाडली, पुस्तकाचं ते घरचं उत्तर आणि तुमचं ते पाहुण्याचं. "काकू, याचं पाहुण्याचं किती येते?" असं विचारून खिदळायचे. आत्याबाई मिरच्यांची देठं काढत ऐकायच्या. "काय वं, या घरात गुरुजी आता कोण हाये, तेवढं तरी सांगून ठेव. दक्षिणा कोणाले द्यायची मंग?" मीही हसले होते. नंतर मी दाराच्या फटीतून पाहिलं. तुम्ही भिंतीला टेकून गणित घालताय, एक पोरगा तुम्हाला तीन रुपये बारा पैसे सांगतोय, आणि सांगताना बाकीच्यांकडे पाहून डोळा मारतोय. सगळे तोंडावर हात धरून बसले आहेत. तुमचे डोळे त्यांच्याकडेच आहेत आणि त्या डोळ्यांना काही दिसत नाही. तुम्ही म्हणता, "शाबास." आणि मी चिमटा वाजवते.

हे मी थांबवलं नाही. परीक्षा जवळ आली आहे, एकदा ती होऊन जाऊ दे, असं म्हणत राहिले.

परीक्षेला तीन-चार दिवस उरले असताना तुम्ही पुन्हा तेच पेन्सिलींचं गणित घातलं. तेल्हाऱ्याची पोरगी पाटी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "तीन रुपये." चुकून म्हणाली की कंटाळून, मला कळलं नाही. मी पाटी पाहिली आणि चिमटा एकदा वाजवला. हातानं विचार केला नाही, उत्तर बरोबर होतं एवढंच पाहिलं.

 तुम्ही म्हणालात, "पुन्हा सांग वं."

"तीन रुपये, गुरुजी."

"मायं तं तीन रुपये बारा पैसे येते." आणि तुम्ही थांबलात. तुमच्या उत्तरावर माझा चिमटा काय म्हणतो, याची तुम्ही वाट पाहात होता. पोरगी दारात उभी, तिचं नाक वाहतंय, ते पुसायचंही तिला सुचत नाही. माझा हात परातीवर तसाच. एकदा वाजवावा तर ती पोरगी खोटी पडते, दोनदा वाजवावा तर तुम्ही. तव्यावरची भाकरी करपली. मी चिमटा खाली ठेवला.

"आणखी कोणाचं तीन रुपये आलं?" तुम्ही विचारलं. पोरांनी हात वर केले. "हात वर करून काय फायदा बाप्पा, मले दिसत नाही. तोंडानं सांगा." मग एकेक जण म्हणू लागला. तीन रुपये. तीन रुपये. सगळ्यांचंच तीन रुपये होतं.

तुम्ही पोरांना घरी पाठवलंत. मग उठून भिंतीला हात लावत दाराशी आलात आणि लग्न होऊन मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोललात. "सूनबाई, कधीपासून?"

मी डोक्यावरचा पदर ओढून उभी राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "संक्रांतीपासून. म्या म्हटलं होतं तुमाले, जेवताना."

"एकदा म्हटलं होतं," तुम्ही म्हणालात. तुम्ही रागात नव्हता. आवाज नेहमीचाच होता, गणित समजावतानाचा. "त्या पोट्ट्यांले एकेक गणित दहा दहा खेपा सांगतो आपण. मले एकदाच काहून सांगितलं? मले आलं नसतं काय?"

एवढंच बोललात. नंतर कधीही नाही. पोरं अकोल्याला परीक्षा देऊन आली. तेल्हाऱ्याच्या पोरीला स्कॉलरशिप मिळाली, ती अमरावतीला गेली, आणखी दोघं निघाले. गावात लोक म्हणाले, गुरुजींच्या ओसरीला पुन्हा यश आलं. तुम्ही सांगायचा, "माया नाही, सुनेच्या." लोकांना वाटायचं, म्हातारा विनयानं बोलतो. तुम्ही परत क्लास घेतला नाही. पुढच्या वर्षीची पोरं परसात माझ्याकडे आली, आणि तुम्ही बाज कडुनिंबाच्या दुसऱ्या बाजूला ओढून घेऊन, पाठ करून, ऐकत पडायचा. मोतीबिंदू पिकायच्या आतच तुम्ही गेलात. मागच्या महिन्यात माझ्या डोळ्याचा काढला. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारीक आकडेसुद्धा दिसले. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. नात म्हणावी अशी भावाची नात आहे, तिनं विचारलं, आजी कोणाला लिहितेस? मी म्हटलं, हिशोब मांडतेय. हा कागद कुठं धाडायचा नाही, एवढं मलाही समजतं.

पण एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ज्या दिवशी तुम्ही मला 'कधीपासून' विचारलंत, त्याच दिवशी दिवेलागणीला तुम्ही आत्याबाईंजवळ निरोप दिला होता, "तिले म्हणा, उद्या पोट्टे यायच्या आंधी मले शिकव. नवे पैसे आणि किलो दोन्ही. म्या पाटी घेऊन बसतो." आत्याबाई म्हणाल्या, "जाय बाप्पा, बस त्यांच्याजवळ. रीतीचं मी पाहून घेतो." मी त्यांना म्हटलं की मामाजींसमोर बसून त्यांना शिकवणं मला शोभत नाही, माझी जीभ उचलणार नाही. त्यांनी ते खरं मानलं. तुम्हीही मानलं असेल. खरं असं होतं की मला माहीत होतं, तुम्हाला ते एका सकाळीत आलं असतं. मग तुम्ही पुन्हा ओसरीवर बसला असता, सगळं तोंडी, सगळं बिनचूक, आणि पोरं परसात माझ्याकडे आली नसती.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत उठले, भाकरी बांधून घेतली आणि गल्लीतल्या बायांबरोबर शेवटच्या वेचणीचा कापूस वेचायला गेले.